मऊ बटणं

मागच्या महिन्यात तुम्ही दोघांनी मला व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, "आजी, आजोबांची पत्रं एकदम एवढी मोठी कशी काय यायला लागली?" मी म्हणाले, "नवा लॅपटॉप चांगला आहे ना, म्हणून." ते उत्तर खोटं होतं. खरं उत्तर फोनवर सांगण्याइतकं छोटं नाही, म्हणून लिहून काढते आहे. कुठे अडलं तर बाबांकडून वाचून घ्या. त्यांना यातलं थोडं माहीत आहे.

तुमच्या आजोबांनी सगळी नोकरी इथल्याच, संगमनेरजवळच्या एका साखर कारखान्यात केली. ऑफिसात ते टायपिस्ट होते. सभांची इतिवृत्तं, ऊसतोडीच्या नोटिसा, साहेबांची भाषणं, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं. लग्नानंतर एकदा मी डबा द्यायला ऑफिसात गेले होते. ते खिडकीतून बाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग बघत बसले होते आणि हात मात्र यंत्रावर चालूच होते. मला वाटलं, आपल्याला दाखवायला म्हणून काहीतरी बडवतायत. कागद ओढून वाचला तर एक चूक नव्हती. मी मिशनच्या शाळेत शिकलेली, पुढे जन्मभर इंग्रजी शिकवलेली बाई, पण मला अजून दोन बोटांनीच टाइप करता येतं. त्यावरून त्यांनी मला आयुष्यभर चिडवलं. "बाईसाहेबांचा कोंबडा दाणे टिपतोय," म्हणायचे.

कंपवात सुरू झाला तो सहीपासून. बँकेने सही जुळत नाही म्हणून कागद परत पाठवला. मग अक्षर बारीक होत होत मुंग्यांच्या रांगेसारखं झालं. मग आवाज गेला. घसा दुखत नव्हता, आवाज नुसता खाली खाली जात राहिला, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी जातं तसा. शेवटी ओठांना कान लावला तरी निम्मंच कळायचं. चेहराही हलेनासा झाला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "चेहऱ्यावरून काही समजू नका. आत सगळं शाबूत आहे. हसतायत, रागावतायत, फक्त दिसणार नाही."

बोटं तेवढी राहिली. तुमच्या बाबांनी परदेशी जाताना आपला जुना लॅपटॉप आमच्याकडे ठेवला होता. काळा, जाडजूड, मांडीवर घेतला तर पाय बधिर होतील असा. त्यावर दुकानातून मराठी टाइपरायटरचीच मांडणी घालून आणली होती. त्याची बटणं इतकी जड होती की एक मेल लिहिली की माझी बोटं दुखायची. आजोबा मात्र त्यावर दोन्ही हात टेकवून बसायचे. हात टेकले की थरथर कमी व्हायची. मग सावकाश एक बोट उचलायचं, एक अक्षर दाबायचं, बोट परत जागेवर ठेवायचं. एका वाक्याला दहा मिनिटं लागायची, पण वाक्य स्वच्छ यायचं. "खिडकी लाव." "तुझा भाऊ येऊन गेला का?" एकदा जेवताना दोन घास खाऊन लॅपटॉप ओढला आणि लिहिलं, "ही भाजी तू केलेली नाहीस. चांगली झाली आहे." भाजी मावशींनी केली होती. मावशी म्हणजे त्यांना अंघोळ घालायला, फिरवायला सकाळी येतात त्या बाई. त्यांना वाचून दाखवलं तर पदर तोंडाला लावून हसल्या.

असा आमचा संसार चार वर्षं चालला. ते लिहायचे, मी चष्मा लावून वाचायची आणि तोंडाने उत्तर द्यायची.

एक गोष्ट कबूल करते. मी वाट बघत नसे. दोन शब्द उमटले की तिसरा मीच बोलून टाकायची. "दूध... दूध तापवू का? नासलं का? आणते हो." बहुतेक वेळा माझा अंदाज बरोबर असायचा. नसला तर ते लिहिलेलं पुसून बोटं मांडीवर घ्यायचे. मला वाटायचं, आपण त्यांचे कष्ट वाचवतो आहोत.

फक्त रविवारचं पत्र मी कधी मध्येच तोडलं नाही, कारण ते तुमचं होतं. चर्चमधून आलो की ते टेबलाशी बसत आणि जेवणापर्यंत चार ओळी होत. चारच. पेरूच्या झाडाला काय झालं, शेजारच्या कुत्रीला किती पिल्लं झाली, प्रवरेला पाणी आलं का. त्या चार-चार ओळींवर तुम्ही दोघं मराठी वाचायला शिकलात, हे तुमच्या आईने मला सांगितलं तेव्हा मी ते त्यांना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा त्यांनीच मागितलं.

गणपतीच्या दिवसांत एका रविवारी सकाळी लॅपटॉपने दिवा दाखवला, आतला पंखा घरघरला आणि सगळं बंद झालं. मंगळवारी मी तो पिशवीत घालून दुकानात नेला. दुकानाच्या दारातच मंडप होता, स्पीकर चालू होता. दुकानदार चाळिशीचा, खेड्यातून येऊन इथे स्थिरावलेला, बोलका. त्याने झाकण उघडून आत बॅटरीचा उजेड टाकला.

"काकू, बोर्ड गेलाय. याचा पार्ट आता कुठंच येत न्हाई. लई सेवा केली याने."

"पुण्याला पाठवून बघू का?"

"पाठवा की. तिथला माणूसबी हेच सांगनार, फक्त इंग्लिशमध्ये."

घरी येऊन मी वही काढली. तुम्हाला माझे तक्ते माहीत आहेत. फ्रिज घेताना तक्ता, डॉक्टर निवडताना तक्ता. तुमच्या बाबांच्या लग्नाच्या वेळीही मी स्थळांचा तक्ता केला होता, आणि तुमच्या आईचं नाव त्यात नव्हतंच. तरी माझी सवय गेली नाही. पट्टीने रेघा मारून मी रकाने पाडले: पडदा केवढा, वजन किती, बॅटरी किती तास, दुरुस्ती संगमनेरात होते का, गॅरंटी किती वर्षं, मराठी मांडणी बसते का, बटणं. बटणांच्या रकान्यात मी लिहिलं "मऊ हवीत" आणि खाली दोन रेघा मारल्या. जुन्यावर माझी बोटं दुखायची ना. त्यांच्या आजारी हातांना किती त्रास होत असेल, असा मी विचार केला. तो विचार प्रेमाचाच होता. पण त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर देणार कशावर, लॅपटॉप तर बंद. पाटी आणता आली असती. कान लावून पाच वेळा ऐकता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी निघाले तर ते पायात चपला घालून दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. चपला त्यांनी स्वतः घातल्या होत्या. डाव्या पायाचा पट्टा अर्धाच अडकला होता. त्याला त्यांना किती वेळ लागला असेल, देव जाणे. ओठ हलले.

मी म्हणाले, "अहो, ऊन किती आहे. मंडपाची गर्दी, रिक्षा दारापर्यंत जात नाही. तुम्ही थांबा. मी सगळं लिहून घेतलंय."

त्यांनी माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं. चेहरा हलत नाही, त्यामुळे मला काही दिसलं नाही. मी वाकून त्यांच्या चपला काढल्या आणि जागेवर ठेवल्या.

दुकानदाराने विचारलं, "कोनासाठी घ्यायचाय, काकू?"

"आमच्या ह्यांच्यासाठी."

"काय काम करतात त्यावर? म्हंजे तसा दाखवतो."

"बोलतात."

"व्हिडिओ कॉल?"

"नाही. बोलतात. टाइप करून."

तो गंभीर झाला आणि खरंच मनापासून मदत करायला लागला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पाच लॅपटॉप काढले. मी प्रत्येकावर दोन बोटांनी इंग्रजीत एक वाक्य लिहून पाहिलं आणि रकाने भरत गेले. एकाची बटणं लोण्यासारखी होती. नुसतं बोट लावलं की अक्षर.

"हे बघा, म्हाताऱ्या मानसाला एकदम सोपं," तो म्हणाला. "जोर लावायलाच नको."

मी तक्त्यात त्याच्यापुढे खूण केली. वजनाला हलका, चंदेरी, पातळ. अर्ध्या तासात मराठी मांडणीही बसवून दिली त्याने. मी रिक्षात तो मांडीवर घेऊन बसले आणि मला समाधान वाटत होतं. ते आठवलं की अजून लाज वाटते.

घरी मी तो टेबलावर उघडला, खुर्ची पुढे ओढली, म्हणाले, "बोला आता."

आजोबांनी नेहमीसारखे दोन्ही हात बटणांवर टेकवले. पडदा अक्षरांनी भरून गेला. ओळीमागून ओळ, एकच अक्षर, मग दुसरंच, मग तिसरंच. त्यांनी हात उचलले. परत ठेवले. परत तेच. हात हवेत धरून एका बोटाने दाबायला गेले तर थरथरीने तेच अक्षर पाच-सहा वेळा उमटलं आणि शेजारचंही. ते पुसण्यासाठी दाबलं तर सगळंच पुसलं गेलं.

मी म्हणाले, "सवय होईल हो. नवीन आहे. जुन्याचीही आधी कुठे होती?"

जुन्याची त्यांना पहिल्या दिवसापासून सवय होती. हे मला बोलतानाही माहीत होतं.

चार दिवसांनी रविवार आला. आधीच्या रविवारी पत्र गेलं नव्हतं आणि धाकट्याने फोनवर विचारलं होतं, "आजोबांना बरं नाही का?" आता लॅपटॉप घरात असून पत्र नाही गेलं तर तुम्हाला काय वाटेल, या विचाराने मला सुचेना. आजोबा तासभर बसले. पडद्यावर काहीही वाचण्यासारखं नव्हतं. ते उठून पलंगावर जाऊन आडवे झाले. मी त्यांच्या खुर्चीत बसले, ते सगळं पुसलं आणि त्यांच्या नावाने तुम्हाला पत्र लिहिलं. पेरूचं झाड, हवा, मंडपातली आरती, उपासनेतला संदेश. खाली "तुमचे आजोबा". पाठवून टाकलं.

त्यांना सांगितलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा लिहिलं. त्याच्या पुढच्याही. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. माझ्या मनात होतं की मी हे त्यांच्यासाठीच करते आहे, पण वाक्यं माझी होती, आणि ती चांगली जमत होती.

तुमच्या बाबांचा एकदा मधल्या वारी फोन आला. म्हणाला, "आई, एक विचारू? बाबा एवढी लांब वाक्यं कधीपासून लिहायला लागले? मुलांना वाचता येत नाहीत, मला वाचून दाखवावी लागतात."

"बोटं मोकळी झालीयत," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला. शाळेत असताना त्याची खोटी सबब मी अशीच ऐकून घ्यायची, बरं म्हणून.

मग तुमचा तो व्हिडिओ कॉल. तुम्हाला आठवत असेल. थोरली पडद्याला नाक लावून ओरडली होती, "आजोबा, नवा लॅपटॉप मस्तच आहे! तुम्ही आता किती किती लिहिता! ते आरतीचं वाचून आम्ही खूप हसलो!"

आजोबा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांना मान वळवायलाही वेळ लागतो, त्यामुळे ती नजर माझ्यापर्यंत यायला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ मी तुमच्याकडे बघून हसत राहिले. तेव्हाच तुम्ही मला तो प्रश्न विचारला आणि मी ते उत्तर दिलं. त्यांच्यासमोर.

त्यानंतर ते लॅपटॉपशी बसेनात. मीही त्यांच्या नावाने लिहिणं थांबवलं. मी उघडून ठेवायची, ते खुर्ची खिडकीकडे वळवून घ्यायचे. काही हवं असलं तर बोटाने दाखवायचे. पाणी, चादर, संडास. एवढ्यात सगळं भागतं, हे बघून माझा जीव घाबरायचा. मी तक्ता पुन्हा काढून वाचला. सगळे रकाने भरलेले होते.

उलगडा मावशींनी केला. एका सकाळी आजोबांच्या पायाला तेल चोळता चोळता त्या म्हणाल्या, "आजी, बाबा रुसल्यात का?"

"रुसले नाहीत हो. नवीन यंत्र जमत नाही त्यांना."

"जमंल कसं? जुन्या पेटीवर बाबा हात टेकून बसायचे, काठीवर टेकत्यात तसं. ही पेटी टेकूच देत न्हाई. हात लावला की वरडती." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमी बगितलं न्हाई व्हय कदी?"

चार वर्षं मी पडदा वाचत होते. हातांकडे मावशींनी पाहिलं होतं.

मी त्याच दिवशी दुकानात गेले, या वेळी वही न घेता, आणि त्यांना बरोबर घेऊन. मंडप केव्हाच उठला होता. दुकानदाराने नव्या लॅपटॉपला जोडायचे सुटे कीबोर्ड काढले. आजोबांनी एकेकावर हात टेकवला आणि उचलला. सगळे मऊ. शेवटी दुकानदार म्हणाला, "थांबा," आणि माळ्यावरून धुळीचं एक पोतं खाली घेतलं. बंद पडलेल्या कुठल्याशा सायबर कॅफेतलं सामान. त्यातून पिवळा पडलेला, जाड बटणांचा एक कीबोर्ड निघाला. त्याची पिन गोल होती, नव्या लॅपटॉपला बसत नव्हती. तिला मधे जोडायचा तुकडा त्याने दुसऱ्या खोक्यातून शोधला. आजोबांनी हात टेकवले. पडद्यावर काहीच उमटलं नाही. ते तसेच बसून राहिले, हात टेकून, बराच वेळ. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. दुकानदाराने त्याला हाताने थांबवलं.

इथे गोष्ट चांगली संपायला हवी होती. तशी ती संपली नाही. घरी आल्यावर कळलं की मधल्या सात-आठ आठवड्यांत बोटं बरीच विसरली आहेत. अक्षर कुठे आहे ते शोधावं लागतं. पूर्वी दहा मिनिटांत होणारं वाक्य आता अर्धा तास घेतं, आणि कधी निम्म्यावर राहतं. डॉक्टर म्हणाले, आजार पुढे सरकतोच, आणि सवय तुटली की परत येणं अवघड. यातला किती भाग आजाराचा आणि किती माझा, ते त्यांना सांगता आलं नाही. मी दोनदा विचारलं.

पहिलं वाक्य त्यांनी तिसऱ्या दिवशी पूर्ण केलं. "ती पत्रे माझी नाहीत." मी शेजारी उभी होते. त्यांचं अजून संपलं नव्हतं. मी स्टूल ओढून बसले. भाजी करपल्याचा वास आला, मी उठले नाही, मावशींनी गॅस बंद केला. खूप वेळाने दुसरी ओळ आली. "मुलांना सांग."

म्हणून हे लिहिलं. गणपतीपासूनची तीन पत्रं माझी आहेत. ती तुम्ही ठेवू नका. त्याआधीची सगळी त्यांची आहेत, ती जपून ठेवा.

आज रविवार. चर्चमधून आल्यावर ते टेबलाशी बसले. मी समोर बसून त्यांच्या हातांकडे बघत होते. जेवणाची वेळ टळून गेली. मग त्यांनी हात मांडीवर घेतले आणि मला मानेने खूण केली, पाठव. एवढंच झालं आहे:

"पेरूच्या झाडाला या वर्षी"

पुढे काय लिहायचं होतं ते मला माहीत आहे, निदान तसं वाटतं. या वर्षी झाडाला काय झालं ते मी रोज बघते. पण मी ते इथे लिहिणार नाही. ही ओळ आहे तशी मी आता तुम्हाला त्यांच्या नावाने वेगळी पाठवते आहे.